खळ्यावरून दफ्तरात : इंग्रजीतील निवडण्या-वेचण्याचे शब्द

कोचीच्या बाजारातील मिऱ्याचे जे भाव व्यापारी पत्रकांत प्रसिद्ध होतात त्यांत 'गार्बल्ड' आणि 'अनगार्बल्ड' असे दोन प्रकार नेहमी दिसतात, आणि त्यांपैकी 'गार्बल्ड' मिऱ्याचा भाव चढा असतो. 'टेलिचेरी गार्बल्ड एक्स्ट्रा बोल्ड' ही तर टपोऱ्या, निवडक मिऱ्याची सरकारमान्य प्रतवारी आहे. ज्या वाचकाने इंग्रजी शाळेत आणि वृत्तपत्रांतून आत्मसात केले आहे त्याला याचे नवल वाटावे, कारण त्याच्या परिचयाचा 'गार्बल्ड' मजकूर म्हणजे विपर्यस्त, मोडतोड झालेला, अर्थ लागू नये असा मजकूर. एकच शब्द मिऱ्यास लागला की शुद्धतेची ग्वाही देतो आणि मजकुरास लागला की अशुद्धतेचा ठपका ठेवतो, हे कसे घडले याचा माग काढीत गेले असता आपण इंग्रजी भाषेच्या एका फार समृद्ध दालनात येऊन पोहोचतो. ते दालन म्हणजे निवडणे, वेचणे, चाळणे, गोळा करणे, लावून ठेवणे या क्रियांसाठी त्या भाषेने शतकानुशतके साठविलेल्या शब्दांचे.

अरबीत 'गरबला' म्हणजे चाळणे आणि 'गिरबाल' म्हणजे चाळण. अरबांनी हा शब्द बहुधा उत्तरकालीन लॅटिनमधील लहान चाळणीच्या नावावरून घेतला. पूर्वेकडील मसाल्याच्या व्यापाराबरोबर तो इटालियन सौदागरांच्या तोंडी बसला आणि त्यांच्याकडून लंडनला गेला. मिरी, लवंगा, सुंठ यांची पोती बंदरात उतरत तेव्हा त्यांत देठ, धूळ, खडे, कुजके दाणे यांची भेसळ असे, कित्येकदा ती वजन वाढावे म्हणून हेतुतः केलेलीही असे. हा माल चाळून शुद्ध केल्याखेरीज विकू नये असा दंडक होता. त्याची देखरेख घाऊक व्यापाऱ्यांच्या 'ग्रोसर्स' या श्रेणीकडे असे आणि चाळणीच्या कामावर 'गार्बलर' या नावाचा अधिकारी नेमलेला असे. वखारीत जाऊन मालाची तपासणी करावी, तो चाळवून घ्यावा आणि मगच विक्रीस मोकळा करावा, हे त्याचे काम. आता चाळणारा मनुष्य प्रामाणिक असला तर कचरा टाकतो आणि दाणा ठेवतो; पण दुसऱ्याच्या लेखातून किंवा साक्षीतून आपल्याला सोयीचे तेवढे ठेवून गैरसोयीचे टाकणारा मनुष्यही एका अर्थी चाळतच असतो. इंग्रजी ग्रंथकारांनी हा शब्द या दुसऱ्या कामास लावला, आणि सोयीस्कर निवडीने सत्याचा विपर्यास होतो हा अनुभव सार्वत्रिक असल्यामुळे तो अर्थ इतका रूढ झाला की मूळचा अर्थ मिऱ्याच्या व्यापारापुरताच उरला. म्हणजे लंडनमधून ज्या शब्दाचा खरा अर्थ हद्दपार झाला तो, जेथून मिरी निघत होती त्या मलबारच्या किनाऱ्यावर, आजही सुखरूप नांदतो आहे.

हा एक शब्द मी विस्ताराने सांगितला, कारण या वर्गातील बहुतेक शब्दांचा स्वभाव त्यात दिसतो. इंग्रजीत या क्रियांचे शब्द पुष्कळ आहेत ही गोष्ट महत्त्वाची आहेच, पण तिच्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, त्यांतील प्रत्येक शब्द कोणत्या तरी एका धंद्यातून, एका अवजारातून, हाताच्या एका विशिष्ट हालचालीतून निघाला आहे आणि भाषेने नवा शब्द आल्यावर जुन्यास रजा दिलेली नाही. शेतकऱ्याचा अँग्लो-सॅक्सन शब्द शेतात राहिला, १०६६ नंतर नॉर्मन राजवटीबरोबर आलेला फ्रेंच शब्द कचेरीत बसला, विद्वानांनी लॅटिन-ग्रीकमधून उचललेला शब्द ग्रंथालयात गेला, आणि प्रत्येकाचे काम निराळे ठरले. म्हणून हे शब्द समानार्थी समजून एकाच्या जागी दुसरा घालणारा लेखक व्याकरणदृष्ट्या चुकत नसला तरी अर्थदृष्ट्या नेहमी चुकतो.

शेतापासूनच आरंभ करू. 'विनो' या क्रियापदाच्या पोटात वारा आहे. 'विंड' या शब्दावरूनच ते बनले असून वाऱ्यावर धान्य सोडून भूस उडवून देणे, म्हणजे आपले उफणणे, हा त्याचा अर्थ. 'सिफ्ट' म्हणजे बारीक चाळणीने चाळणे, आणि 'रिडल' म्हणजे मोठ्या भोकांच्या चाळणीने बटाटे, खडी किंवा राख चाळणे. कोडे या अर्थाचा 'रिडल' उच्चाराने तोच असला तरी वंशाने निराळा आहे. मात्र गोळ्यांनी चाळण झालेल्या देहास किंवा भिंतीस जे 'रिडल्ड' म्हणतात ते या चाळणीवरूनच. तिघांनाही मराठीत सरसकट 'वेगळे करणे' म्हणता येईल, पण उफणताना वजनाने हलके ते जाते, बारीक चाळणीत आकाराने लहान ते खाली पडते आणि मोठ्या चाळणीत ठेवायचे तेच वर राहते. पुरावा 'सिफ्ट' करतात आणि अर्जदारांची संख्या 'विनो' करीत कमी करतात, या दोन प्रयोगांत हाच भेद जिवंत आहे : पहिल्यात बारकाईने तपासणे अभिप्रेत आहे, दुसऱ्यात जे टिकाव धरणार नाही ते उडवून देणे.

या शेतशब्दांत 'ग्लीन' हा मला सर्वांत अर्थगर्भ वाटतो. कापणी होऊन पेंढ्या उचलल्यावर शेतात जी कणसे, जे दाणे पडून राहतात ते वाकून वाकून वेचणे म्हणजे 'ग्लीन' करणे. आपल्याकडे त्याला सरवा वेचणे म्हणतात. हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला, आणि त्याचे मूळ गॉल लोकांच्या केल्टिक बोलीत असावे असे मानले जाते. बायबलच्या जुन्या करारात शेतमालकाने शेताचे कोपरे पुरते कापू नयेत, पडलेली कणसे उचलू नयेत, ती गरिबासाठी व परक्यासाठी ठेवावीत, अशी आज्ञा आहे, आणि रूथ नावाच्या विधवेची प्रसिद्ध कथा याच सरव्यावर उभी आहे. इंग्लंडच्या खेड्यांत सकाळी घंटा वाजल्यावर बायकामुलांनी शेतात शिरावे व सायंकाळच्या घंटेला बाहेर पडावे अशी रीत कित्येक ठिकाणी होती, आणि मजुराच्या कुटुंबाला हिवाळ्याचे पीठ पुष्कळ अंशी या वेचणीतून मिळे. ब्लॅकस्टोनसारख्या मातबर विधिज्ञानेही, गरिबास सरवा वेचण्याची मुभा देशाच्या कायद्यात व रिवाजात आहे असे लिहून ठेवले होते. तथापि सफोक परगण्यातील टिमवर्थ गावी मेरी हाउटन नावाच्या स्त्रीने स्टील नामक जमीनदाराच्या शेतात सरवा वेचला म्हणून दावा झाला, आणि १७८८ मध्ये कोर्ट ऑफ कॉमन प्लीज या न्यायालयाने, असा कोणताही हक्क कायद्याने कोणास नाही, असा निर्णय दिला. निकालानंतरही अनेक गावांत रीत चालू राहिली, कारण गावचा रिवाज न्यायालयाच्या हुकुमाने एका दिवसात मरत नाही. परंतु जे हक्काचे होते ते मेहेरबानीचे झाले. आज इंग्रजीत एखाद्या जुन्या पत्रव्यवहारातून माहिती 'ग्लीन' केली असे लिहितात तेव्हा त्या शब्दात चिकाटी आहे, कण कण वेचणे आहे, आणि जे दुसऱ्याने मागे सोडले त्यातून आपला निर्वाह करणे आहे. आपल्या परंपरेत या वृत्तीला उंछवृत्ती असे नाव असून महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात, अर्धे अंग सोन्याचे झालेल्या मुंगसाच्या कथेत, अशा वेचलेल्या धान्यावर जगणाऱ्या ब्राह्मणाचे दान सम्राटाच्या यज्ञाहून श्रेष्ठ ठरविले आहे. दोन दूरच्या समाजांनी एकाच कृतीकडे इतक्या आदराने पाहावे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता लॅटिनकडे वळू. त्या भाषेतील 'लेगेरे' या धातूचा मूळ अर्थ वेचणे, उचलून घेणे असा आहे, आणि डोळ्यांनी अक्षरे एकेक करून उचलणे म्हणून त्याला वाचणे हा अर्थ आला. यापासून इंग्रजीत जो गोतावळा झाला तो विलक्षण आहे. एकत्र वेचणे ते 'कलेक्ट', बाजूस काढून घेणे ते 'सिलेक्ट', बाहेर निवडून काढणे ते 'इलेक्ट', न उचलता तसेच टाकून देणे ते 'निग्लेक्ट'. व्याख्यानाचा 'लेक्चर' आणि आख्यायिकेचा 'लेजंड' हेही त्याच घरचे. ग्रीकमध्ये याच कुळातील धातूपासून फुले वेचणे या अर्थी 'अँथॉलॉजी' हा शब्द झाला. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास मेलिएगर या कवीने आपल्यापूर्वीच्या कवींच्या लघुकवितांची 'माला' गुंफली, तिच्यापासून या प्रकारच्या संग्रहांची परंपरा मोजतात. 'कलेक्ट'चाच एक सख्खा भाऊ फ्रेंचमधून फिरून 'कल' या लहानशा रूपात आला. त्याचा पहिला अर्थ फूल खुडणे, उत्तम ते वेचून घेणे असा कोमल होता. पुढे कळपातून दुबळी जनावरे वेगळी काढणे, आणि अखेर प्राण्यांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांना मारणे, येथवर तो उतरला. उत्तम घेण्यासाठी वेचणे आणि निकृष्ट टाकण्यासाठी वेचणे या दोन कृती हाताने सारख्याच दिसतात, आणि शब्द एकीकडून दुसरीकडे केव्हा सरकला ते भाषा बोलणाऱ्यांच्या ध्यानीही येत नाही.

'कलेक्ट'चा आपल्या इतिहासाशी तर थेट संबंध आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १७७२ मध्ये, वॉरन हेस्टिंग्जच्या अमदानीत, बंगालमध्ये जमीनमहसूल थेट आपल्या हाती घेतला तेव्हा जिल्ह्यावर नेमलेल्या अंमलदारास 'कलेक्टर', म्हणजे वसूल गोळा करणारा, हे नाव मिळाले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने पुण्यास रॉबर्ट्सन, नगरास पॉटिंजर, खानदेशात ब्रिग्ज असे अंमलदार नेमले, आणि मामलेदार, कमाविसदार, फडनीस या जुन्या हुद्द्यांच्या वर हा नवा शब्द येऊन बसला. न्याय, बंदोबस्त, दुष्काळातील कामे अशी नाना कर्तव्ये पुढे त्याच्याकडे आली, तरी त्याच्या नावात महसुलाची वसुलीच राहिली. राज्यकर्त्याच्या दृष्टीने जिल्हा म्हणजे प्रथम काय होते, हे या एका नावाइतके स्पष्ट कोणत्याही अहवालात लिहिलेले नसेल. आपण 'जिल्हाधिकारी' हा शब्द रूढ केला तो याच दृष्टीने योग्य झाला.

चाळणीकडे पुन्हा एकदा यावे लागते, कारण मनाच्या व्यापारांची नावे तिने फार दूरवर पुरविली आहेत. लॅटिनमध्ये चाळणे, वेगळे करणे यासाठी 'केर्नेरे' हा धातू आहे. त्यावरून बारकाईने ओळखणे ते 'डिसर्न', वेगळे काढून दूर ठेवलेले ते 'सीक्रेट', असे गुपित ज्याच्यापाशी विश्वासाने ठेवावे तो 'सेक्रेटरी', आणि चाळून निश्चित झालेले ते 'सर्टन'. ग्रीकमधील त्याच वंशाच्या धातूवरून निवाडा करणारा 'क्रिटिक' झाला, आणि निवाड्याची घटका आली म्हणजे 'क्रायसिस'. टीकाकार हा मुळात चाळण हाती घेतलेला मनुष्य आहे, दगड हाती घेतलेला नव्हे, हे ध्यानात ठेवले तर पुष्कळ वाङ्मयीन वाद सौम्य होतील. संस्कृतात 'विवेक' हा शब्दही 'विच्' या धातूपासून आला असून धान्यातून कोंडा वेगळा करणे या अर्थी त्या धातूचा प्रयोग आहे. आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ज्ञानसूक्तात, सातू चाळणीने शुद्ध करावा तशी शहाणे लोक मनाने वाणी शुद्ध करतात, असा दृष्टान्त आला आहे. हे इंग्रजीने आपल्याकडून किंवा आपण इंग्रजीकडून घेतलेले नाही. धान्य खाणाऱ्या प्रत्येक समाजाला विचार म्हणजे काय हे सांगण्यासाठी चाळणच प्रथम सापडली, एवढेच यावरून म्हणता येईल.

मेंढपाळाचे शब्द थोडक्यात सांगतो. लॅटिनमधील कळपवाचक 'ग्रेक्स' पासून एकत्र जमणे ते 'काँग्रिगेट', कळपात मिळवून एकूण बेरीज करणे ते 'अॅग्रिगेट' आणि कळपातून वेगळे काढणे ते 'सेग्रिगेट' झाले. आपल्या नगरपालिका ओला आणि सुका कचरा निराळा ठेवण्यास याच शेवटच्या शब्दाने बजावतात. वंशावरून माणसे निराळी ठेवणाऱ्या अमेरिकेतील व्यवस्थेसही हेच नाव होते. शिकाऱ्यांनी तर प्रत्येक प्राण्याच्या समूहास स्वतंत्र शब्द ठरवून त्यांच्या याद्या केल्या. १४८६ मध्ये सेंट ऑल्बन्स येथे छापलेल्या प्रसिद्ध पुस्तकात अशी लांबलचक यादी आहे आणि सिंहांच्या समूहास 'प्राइड' म्हणण्यासारखे प्रयोग तिच्यातून आजवर टिकून आहेत. अशा याद्या मनोरंजक असल्या तरी त्यांत कामाचा घाम नाही, म्हणून त्यांच्यापाशी अधिक थांबत नाही.

कचेरीतील शब्दांचे तसे नाही. 'फाइल' या शब्दाचा मूळ अर्थ दोरा. न्यायालयात आलेले कागद एकामागून एक दोऱ्यात किंवा तारेत ओवून ठेवीत, म्हणून कागद दाखल करणे म्हणजे तो 'फाइल' करणे झाले. पेशवे दफ्तरातील कागद रुमालात बांधलेले असत आणि त्या गाठोड्यालाच 'रुमाल' म्हणत. तिकडे दोऱ्याने जे केले ते इकडे कापडाने केले. 'मस्टर' हा शब्द दाखविणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून निघाला. शिपायांना रांगेत उभे करून, कागदावर जितकी नावे आहेत तितकी माणसे खरोखर आहेत की नाहीत हे पाहणे, हा त्याचा लष्करी अर्थ. रोजगार हमीच्या कामावर हजेरीपटाला महाराष्ट्रातील मजूर 'मस्टर' म्हणतात तेव्हा तो अर्थ यत्किंचितही बदललेला नसतो. 'सॉर्ट'ची कथा निराळी आहे. लॅटिनमधील 'सॉर्स' म्हणजे चिठ्ठी टाकून काढलेला कौल. त्यावरून ज्याच्या वाट्यास जे आले ते नशीब, मग ज्यांच्या वाट्यास एकसारखे आले त्यांचा वर्ग, आणि अखेर वर्गवार लावणे. जे काम एके काळी दैवावर सोडलेले होते ते आज टपालखात्यातील 'सॉर्टर' नजरेच्या व हाताच्या सफाईने करतो.

वर्गवार लावण्याच्या कामाचे इंग्रजीच्या इतिहासातील सर्वांत भव्य उदाहरण म्हणजे त्या भाषेचा ऑक्सफर्ड कोश होय. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत १८५७ मध्ये या कार्याची कल्पना निघाली, आणि वाचकांनी ग्रंथ वाचून प्रत्येक शब्दाचा प्रयोग स्वतंत्र चिठ्ठीवर उतरवून पाठवावा अशी योजना ठरली. पहिला संपादक हर्बर्ट कोलरिज याने चिठ्ठ्यांसाठी ५४ कप्प्यांचे कपाट करविले, आणि ते भरेल तेव्हा काम पुष्कळ झाले असे समजावे अशी त्याची कल्पना होती. तो १८६१ मध्येच वारला. जेम्स मरे याने १८७९ मध्ये संपादन स्वीकारले तेव्हा त्याच्या मिल हिल येथील पत्र्याच्या खोलीत हजारावर कप्पे करावे लागले. जुन्या चिठ्ठ्या त्याच्याकडे आल्या त्या पोत्यांतून. काहींना उंदीर लागले होते, 'एच्' या अक्षराचा साठा इटलीत फ्लॉरेन्स येथे पडून होता. मरेची मुले खाऊच्या पैशांसाठी त्या चिठ्ठ्या वर्णानुक्रमाने लावीत. १८८४ मध्ये पहिला भाग निघाला, मरे १९१५ मध्ये निवर्तला आणि कोश १९२८ मध्ये पुरा झाला. कबुतरांच्या खुराड्यावरून अशा कप्प्याला 'पिजनहोल' म्हणतात, आणि एखाद्या माणसाला किंवा विचाराला नीट न पाहता ठरीव कप्प्यात टाकणे या दोषालाही तेच क्रियापद लावतात. लावण्याचे काम ज्ञान वाढविण्यासाठी असते, आणि तेच काम ज्ञान टाळण्यासाठीही करता येते, हे या भाषेने नीट ओळखलेले आहे.

'कोलेट' हा असाच एक शब्द, पण त्याच्या अर्थाची पूर्ण उंची पाहावयाची तर इंग्लंडला न जाता पुण्यास यावे लागेल. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ एकत्र आणून शेजारी ठेवणे असा आहे. पुस्तकबांधणीत छापील फर्मे क्रमाने लावून तपासणे, आणि विद्वानांत एका ग्रंथाच्या अनेक हस्तलिखितांची अक्षरशः रुजवात घेणे, असे त्याचे दोन व्यवहार आहेत. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर हे तिचे प्रधान संपादक झाले, तेव्हा शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा अनेक लिप्यांतील पोथ्या एकमेकींपुढे ठेवण्याचा प्रसंग आला. त्यासाठी चौकोन आखलेले मोठे ताव करविले गेले. वरच्या ओळीत प्रचलित पाठाचा श्लोक, एका चौकोनात एक अक्षर या रीतीने, लिहावयाचा. खाली एकेका पोथीस एकेक ओळ द्यावयाची आणि जेथे पाठ भिन्न असेल तेथेच त्या अक्षराच्या चौकोनाखाली नोंद करावयाची. याप्रमाणे हजारो श्लोक शास्त्रीमंडळींनी पुण्यात, तंजावरास आणि शांतिनिकेतनात बसून जुळविले. एकट्या आदिपर्वाच्या सिद्धतेत सुमारे साठ पोथ्यांचा उपयोग झाला. सुकथनकर १९४३ मध्ये गेले, त्यांच्यामागून डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर व डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ते कार्य पुढे नेले आणि १९६६ मध्ये ते सिद्धीस गेले. 'कलेक्ट' करणारा पोथ्या गोळा करून कपाटात ठेवील, 'सॉर्ट' करणारा त्या लिपीवार लावील, पण त्या परस्परांशी बोलू लागतात त्या 'कोलेट' केल्यावरच. हा भेद ज्याच्या मनात ठसला त्याला या शब्दाची जागा दुसऱ्या कशास द्यावीशी वाटणार नाही.

'ट्रायाज' या शब्दाचा प्रवास लोकरीपासून रणांगणापर्यंत झाला. फ्रेंचमधून अठराव्या शतकात तो इंग्रजीत आला तेव्हा लोकरीची प्रतवारी लावण्यास आणि पुढे कॉफीच्या बिया निवडण्यास तो लावीत. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यवैद्य लारे याने, जखमी मनुष्य कोणत्या हुद्द्याचा आहे हे न पाहता त्याची जखम किती घोर आहे हे पाहून उपचाराचा क्रम ठरवावा, असा नियम घातला. आणि पहिल्या महायुद्धात या पद्धतीला हे नाव पडले. आज कोणत्याही मोठ्या इस्पितळाच्या अपघात विभागात हा शब्द ऐकू येतो. लोकर निवडणाऱ्या हातांची प्रतवारी अशा रीतीने दयेच्या व न्यायाच्या कामी आली.

या सर्व शब्दांना एका ठिकाणी आणण्याचा यत्न पीटर मार्क रॉजे या वैद्याने केला. त्याने १८०५ मध्ये स्वतःच्या उपयोगासाठी शब्दांची वही केली होती. सत्तरी ओलांडल्यावर, १८५२ मध्ये, ती 'थिसॉरस' या नावाने प्रसिद्ध झाली. तीत एक हजार कल्पनांखाली शब्द वाटून दिलेले असून रचना या कल्पनेचा क्रमांक ६० आणि समूह या कल्पनेचा ७२ आहे. आपण येथे पाहिलेले बहुतेक शब्द या दोन क्रमांकांच्या आसपास सापडतात. रॉजेने आपल्या प्रस्तावनेत पूर्वसूरींमध्ये सर्वांत प्रथम अमरकोशाचा उल्लेख केला आहे. कोलब्रुकने केलेले त्याचे भाषांतर श्रीरामपूर येथे १८०८ मध्ये छापले होते, ते त्याच्या पाहण्यात आले होते. अमरसिंहाची वर्गवारी त्याला सदोष वाटली, आणि अमूर्त कल्पनांच्या बाबतीत त्याच्या म्हणण्यात तथ्यही आहे. परंतु रॉजेच्या ग्रंथातही एक मोठी उणीव आहे : तो शब्द शेजारी शेजारी बसवितो, पण त्यांतील अंतर सांगत नाही. एका रांगेत 'ग्लीन' आणि 'मस्टर' दिसले म्हणून नवशिका लेखक त्यांतील कोणताही उचलतो, आणि सरवा वेचणारी विधवा व रांगेत उभा असलेला शिपाई यांची अदलाबदल होते.

मराठीची स्थिती या बाबतीत वस्तुतः दरिद्री नाही. उफणणे, पाखडणे, घोळणे, चाळणे, निवडणे, वेचणे, खुडणे या प्रत्येकात हाताची हालचाल निराळी आहे. पेंढी, सुडी, गंजी, रास या प्रत्येकात ढिगाचा आकार निराळा आहे. बेकरीच्या एका भाजणीवरून इंग्रजीत 'बॅच' हा शब्द झाला, तसा तेलघाण्यावरून आपल्याकडे 'घाणा' झाला आणि कढईत एका वेळी सोडलेल्या पुऱ्यांनाही तो लागला. हिशेबाच्या कामात तर आपली परंपरा फारच नेमकी आहे : दिवसाचा व्यवहार घडेल त्या क्रमाने कीर्दीत, मग तोच खातेवार खतावणीत आणि शेवटी सर्वांचा गोषवारा तेरजेत, अशी तीन निराळी कामे तीन निराळ्या शब्दांनी आपले कारकून ओळखत असत. असे असता आजच्या अनुवादात व सरकारी मराठीत इंग्रजीच्या वीस शब्दांना 'वर्गीकरण' आणि 'संकलन' हे दोनच शब्द पुरविले जातात. ते शब्द वाईट नाहीत, पण सर्व कामे दोनच नोकरांवर लादल्याने कोणतेच काम धड होत नाही.

मोल्सवर्थने शास्त्रीमंडळींच्या साह्याने १८३१ मध्ये आणि सुधारून १८५७ मध्ये, व दाते-कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात आपल्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'त, खळ्यावरचे व दफ्तरातले असे पुष्कळ शब्द नोंदवून ठेवले. आता मळणी यंत्राने होते, तिवड्याभोवती बैल फिरत नाहीत, सूप आणि रोळी शहरी घरातून गेली आहेत, आणि या शब्दांचे जाणते वृद्ध झाले आहेत. म्हणून मराठीच्या शिक्षकांना, अनुवादकांना आणि गावोगावच्या वाचनालयांच्या चालकांना माझी विनंती आहे की, आपल्या परिसरातील शेतकरी स्त्रीपुरुषांकडून, जुन्या पेढ्यांच्या मुनिमांकडून, छापखान्यातील खिळे जुळविणाऱ्या जुळाऱ्यांकडून असे शब्द विचारून घ्यावेत. प्रत्येक शब्दास स्वतंत्र चिठ्ठी करून तीवर अवजार कोणते, हात कसा चालतो आणि काय राहते व काय जाते हे लिहावे, गावाचे नाव व सालही घालावे, आणि त्या चिठ्ठ्या जवळच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाकडे सोपवाव्यात.